ठिपक्यांची रांगोळी

स्वराज द्वीप (हॅवलॉक), अंदमान, ११ फेब्रुवारी

दिवसभर हिंडले, पण कार्डावर समुद्राचा धड एकही फोटो नाही.

सकाळी काळापत्थरच्या किनाऱ्यावर गेले होते. तिथं पडलेल्या एका वाळक्या ओंडक्यात मला हत्तीचा डोळा दिसला, आणि तिथंच घोटाळा झाला. एकदा हत्ती दिसला की पुढच्या प्रत्येक फोटोत सोंडच शोधली जाते. लाकडाच्या रेषा राहिल्या बाजूला. ते सगळे फोटो पुसून टाकले.

दुपारी राधानगरचा किनारा. परवाच अमावस्या झालीय, त्यामुळे पाणी चांगलंच मागे हटलं होतं. साडेचारला उन्हं तिरपी झाली (इथं साडेपाचला सूर्य बुडतोसुद्धा, आपल्या घड्याळाची गंमत!) आणि ओल्या वाळूवर एकदम ठिपकेच ठिपके उमटले. बारीक खेकड्यांचं काम. हरभऱ्याएवढा जीव, पण काय नेट! बिळातून बाहेर येतो, वाळू तोंडात घेतो, कणांना चिकटलेलं खाणं तेवढं काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. बिळापासून सरळ रेषेत जायचं, परत यायचं, मग दुसरी रेष. त्यातून नकळत सूर्यफूल तयार होतं. त्याला बिचाऱ्याला रांगोळी कुठली ठाऊक, तो जेवत असतो. आपल्याकडे कोकणातही हे खेकडे असतात. इतकी वर्षं मी त्यांच्या नक्षीवरून चालत गेले असेन.

गुडघे टेकून, कॅमेरा सरळ खाली धरून फोटो काढत सुटले. क्षितिज नाही, पाऊल नाही, शिंपला नाही. मापाला शेजारी चप्पल ठेवून पाहिली, तर चित्र मेलंच. चप्पल काढली आणि पुन्हा ते काहीही झालं: विमानातून दिसणारी शेतं, देवीचे व्रण, गोधडीचे टाके. म्हणजे मी पुन्हा दिसेल त्याला नावंच देत होते. ही खोड काही जात नाही.

रात्री त्यातला एक ताईला पाठवला. तिचं उत्तर: "तिळाचे लाडू का गं? पण एवढे बारीक?" आणि लगेच दुसरा मेसेज, "सांग ना, काय आहे?"

अजून सांगितलेलं नाही.

बॅटरी चार्जिंगला लावलीय. उद्या ओहोटी पाऊण-एक तास उशिरा, म्हणजे ऊन मिळालं तर पाव तास.