चॅप्टर केस: सही करण्याआधी आदेश मागा

बांधावरून चुलतभावाशी शब्दाला शब्द लागला. हात कुणीच उचलला नाही. तरी काही दिवसांत दोघांनाही चॅप्टर केसची नोटीस आली, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली. १ जुलै २०२४ पूर्वी हेच जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १०७ होतं.

मुलगा आरोपी झाला म्हणून आईने जेवण सोडलं. हा गुन्हा नाही, शिक्षाही नाही. पुढे भांडण होऊ नये म्हणून कार्यकारी दंडाधिकारी, म्हणजे आमच्याकडे तहसीलदार, जास्तीत जास्त एक वर्षाची हमी मागतात, हे तिला परत परत सांगावं लागलं.

पहिल्याच तारखेला छापील बंधपत्र, म्हणजे शांतता राखण्याची लेखी हमी, पुढे आलं. "सही करा, जामीनदार द्या, मोकळे व्हा. सगळे तेच करतात." भावाने केली. माझ्या वकीलबाईंनी मात्र आधी कलम १३० चा लेखी आदेश मागितला. मिळालेल्या माहितीचा सारांश, बंधपत्राची रक्कम, मुदत, जामीनदार किती, हे सगळं त्यात हवं आणि त्याची प्रत समन्ससोबत यायला हवी. आमच्या कागदावर "शांतता भंग होण्याची शक्यता" एवढंच होतं. मी कधी, कुणाला, काय बोललो, याचा एक शब्द नाही. मग उत्तर द्यायचं तरी कशाचं?

मग अंतरिम, म्हणजे चौकशी संपेपर्यंतच्या, बंधपत्राचा आग्रह सुरू झाला. इथे मी खरंच घाबरलो, कारण ते न दिल्यास कोठडीत ठेवता येतं. पण चौकशी सुरू झाल्याशिवाय ते मागता येत नाही, हे मधु लिमये यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्येच स्पष्ट केलं आहे. शिवाय तातडीची कारणं लेखी नोंदवावी लागतात. बाईंनी हे शांतपणे मांडलं, साहेबांनी ऐकून घेतलं, पुढची तारीख दिली.

चौकशीत अहवाल देणाऱ्या पोलिसांची उलटतपासणी झाली. वादाच्या वेळी ते शिवारात नव्हतेच. चौकशी सहा महिन्यांत संपवावी लागते; आमची त्याआधीच संपली आणि कलम १३७ खाली मला मुक्त केलं. आदेशाची नक्कल लगेच काढून घेतली.

भावाचं वर्ष मात्र अजून चालू आहे. या काळात शांतता भंगली तर बंधपत्राची रक्कम त्याच्याकडून वसूल होऊ शकते, जामीनदारही अडकतो. म्हणून मोजणीचा अर्ज आम्ही दोघांनी मिळून दिलाय आणि मोजणी होईपर्यंत त्या बांधाला कुणीच हात लावायचा नाही, असं ठरवलंय.