वॉरंटी होती, पण जॉब कार्ड उघडंच राहिलं होतं

“काका, तुमची दुसरी सर्व्हिस सिस्टीममध्ये दिसत नाही.”

हे वाक्य मी 2024 च्या दिवाळीत ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये इतक्या वेळा ऐकलं की अजूनही कुणी ‘सिस्टीम’ म्हणालं की माझं डोकं फिरतं. ट्रॅक्टर घेतानाचा अनुभव तसा झकास होता. कर्ज वेळेत, पासिंग वेळेत, शोरूममध्ये हार-नारळ, पेढे, फोटो. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचंय ते ट्रॅक्टर बंद पडला त्या 22 दिवसांबद्दल.

मी निफाड तालुक्यातला, उगावच्या बाजूचा. साडेतीन एकर द्राक्षबाग आणि थोडा कांदा. 2023 च्या पाडव्याला सहा लाखांच्या आसपासचा 27 एचपीचा छोटा फोर व्हील ट्रॅक्टर घेतला. मोठा ट्रॅक्टर आमच्या बागेत घालून उपयोग नाही. दोन ओळींत नऊ फूट अंतर, वर मांडवाच्या तारा, ओळ संपली की वळायला जेमतेम जागा. कांद्याची नांगरट भाड्याने करून घेतो. घरचा ट्रॅक्टर म्हणजे मुख्यतः ब्लोअर, म्हणजे पंख्याने औषध फवारणारा पंप, ओढणारं यंत्र, आणि ऑक्टोबर छाटणीनंतर ते एक दिवससुद्धा बंद राहून चालत नाही.

19 ऑक्टोबरला, शनिवारी संध्याकाळी, बाग पोंग्यातून, म्हणजे डोळे फुटायच्या अवस्थेतून, पुढे सरकत होती. दुपारी परतीच्या पावसाची सर येऊन गेलेली. डाउनी या बुरशीचं औषध ताबडतोब मारायचं म्हणून ब्लोअर भरला, पीटीओ (इंजिनाची ताकद ब्लोअरला देणारा मागचा दांडा) टाकला, आणि तिसऱ्या ओळीत इंजिन ओरडायला लागलं पण पंख्याचा आवाज बसला. थांबलो, परत टाकला, परत तेच. जळका वास आला. खाली वाकून पाहिलं तर क्लच हाऊसिंगच्या पोटाला एक छोटं भोक असतं, त्यात स्प्लिट पिन लोंबकळत असते, तिच्या टोकाला काळा थेंब. पडला की दुसरा तयार.

रविवार गेला. सोमवारी शोरूमचा मेकॅनिक आला. त्याने आधी थेंब बघितलाच नाही. पहिलं वाक्य, “भाऊ, तुम्ही क्लचवर पाय ठेवून चालवता.” बागायतदार प्रत्येक ओळीच्या शेवटी क्लच दाबणारच, त्यामुळे हा आरोप आमच्यावर कायम तयार असतो. मी त्याचा हात धरून खाली बसवलं. त्याने थेंब बोटावर घेतला, चोळला, वास घेतला आणि चेहरा बदलला. “इंजिन ऑइल आहे. मागचं सील गेलं. प्लेट भिजल्यात.”

हे जरा समजून घ्या, पुढची सगळी भांडणं यावरच आहेत. क्रँकच्या मागच्या टोकाला जे ऑइल सील असतं, त्याच्या पलीकडे क्लचची कोरडी खोली. सील फाटलं की इंजिनाचं तेल तिथे शिरतं, प्लेटवर बसतं आणि प्लेट घसरते. ट्रॅक्टर मधून दोन भाग केल्याशिवाय ते सील बदलता येत नाही. म्हणजे शेदोनशेच्या रबरी कड्यासाठी दिवसभराची मजुरी. गावातला मिस्त्री म्हणाला, “भाऊसाहेब, उद्या सकाळी खोलतो, संध्याकाळी फवारा मारा.” माझं मन पूर्ण त्याच्याकडे गेलं होतं. पण वॉरंटीच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय की बाहेर खोलला तर वॉरंटी संपली. आणि माझी वॉरंटी 2 वर्षं किंवा 2000 तास, जे आधी होईल ते. झाले होते 19 महिने आणि 412 तास. सोडायची कशाला?

आज मागे वळून बघतो तर मिस्त्रीच बरोबर होता की काय असं वाटतं. जाऊ द्या.

बुधवारी ट्रॅक्टर पिकअपमध्ये टाकून वर्कशॉपला नेला. गाडीभाडं माझं, वॉरंटी वर्कशॉपच्या दारात सुरू होते, शेतात नाही. शुक्रवारी खोलला. सील एका बाजूने कातरलेलं, प्लेट तेलाने काळीभोर. फोटो काढले: तास दाखवणारं मीटर, चॅसिस नंबर, सील, प्लेट. मी पण माझ्या मोबाइलवर तेच फोटो काढून ठेवले, आणि हे एक शहाणपण मला वेळेवर सुचलं. मेकॅनिक म्हणाला, क्लेम कंपनीकडे गेला, दोन दिवसांत येईल. शनिवारी आला. नामंजूर.

कारण? 250 तासांची, म्हणजे दुसरी सर्व्हिस झालेली नाही.

आता ही सर्व्हिस झाली होती. 8 फेब्रुवारीला शोरूमचाच पोरगा माझ्या शेडवर आला होता. फ्री सर्व्हिस म्हणजे फक्त मजुरी फ्री, ऑइल आणि फिल्टरचे पैसे आपले. ते मी आदल्या दिवशी त्यांच्याच काउंटरवरून बिल करून आणून ठेवले होते. त्याने ऑइल बदललं, ग्रीस मारलं, चहा घेतला, कुपन फाडून नेलं. मी समजलो काम झालं.

सर्व्हिस मॅनेजर म्हणाला, “कुपन इथे जमा नाही.” मी म्हणालो, तुमच्याच माणसाने नेलं. “तो आता आमच्याकडे नाही.” मग मी काय करू? “जॉब कार्डचा नंबर आणा.” (जॉब कार्ड म्हणजे प्रत्येक सर्व्हिसची शोरूमकडची नोंद.) जॉब कार्ड तुमच्याकडे असतं ना? “हो, पण सिस्टीममध्ये दिसत नाही.” गोल फिरून परत तिथेच. त्या पोराला शोधला. तो दिंडोरीला दुसऱ्या कंपनीच्या शोरूमला लागला होता. बिचारा फोनवर चांगलं बोलला, कुपन काउंटरवर दिल्याचं शपथेवर सांगितलं. पण शपथ अपलोड होत नाही.

मी फवारणीची वही घेऊन गेलो. एक्स्पोर्टची बाग ग्रेपनेटला, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत, नोंदवलेली असली की कधी, काय, किती मारलं याची नोंद ठेवावीच लागते, त्यामुळे माझी वही पक्की असते. 8 फेब्रुवारीच्या पानावर बायकोच्या अक्षरात: “फवारणी नाही. ट्रॅक्टर सर्व्हिस, मीटर 243.” युरोपात द्राक्षं पाठवताना ज्या वहीवर लोक विश्वास ठेवतात, ती मॅनेजरने उघडून पाहिली, छान अक्षर आहे म्हणाला आणि परत दिली. वही चालत नाही.

इकडे रोज ढग. शेजारच्या नानांचा ट्रॅक्टर आणि ब्लोअर भाड्याने घेतला, पण त्यांची बाग आधी, मग माझी. म्हणजे पाऊस थांबल्यावर माझ्या बागेत औषध पडायला रात्रीचे दहा. कोवळे घड, पानाखाली डाउनीचा पांढरा कापूस दिसला की पोटात गोळा. नऊ फवारण्या भाड्याने गेल्या, 14,000 च्या वर. वॉरंटीच्या कुठल्याही पुस्तकात हे नुकसान धरत नाहीत, कंपनी फक्त पार्ट आणि मजुरीचं बोलते.

28 तारखेला मी 1915 ला फोन लावला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं, तक्रारीचा नंबर मिळतो. तिथून लगेच ट्रॅक्टर दुरुस्त होतो असं नाही. पण त्या नंबरानंतर शोरूमवाल्याचा सूर बदलला एवढं नक्की. माझा चुलतभाऊ नाशिकला वकिली करतो. त्याने आणखी एक गोष्ट सांगितली जी मला माहीत नव्हती. मला वाटायचं ट्रॅक्टर धंद्याचा, मग आपण कसले ग्राहक? तर तसं नाही. स्वतः राबून पोट भरण्यासाठी वस्तू घेतली असेल तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तो ग्राहकच. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, वकील लावलाच पाहिजे असं नाही. पाच ते दहा लाखांच्या वस्तूला फी 200 रुपये. मुदत दोन वर्षं, म्हणून “बघू, बघू” करत बसायचं नाही. मी केस केली नाही. पण हे खिशात असलं की काउंटरवर उभं राहायची पद्धत बदलते.

मग दिवाळी आडवी आली. 29 पासून वर्कशॉप बंद. माझा ट्रॅक्टर दोन तुकड्यांत, मधे लाकडी ठोकळे लावलेला. लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे ट्रॅक्टरला हळदकुंकू लावतात. धाकटा म्हणाला, पप्पा, शोरूमला जाऊन लावू या का? मी त्याच्यावर ओरडलो, नंतर वाईट वाटलं.

4 नोव्हेंबरला सोमवारी दार उघडायच्या आत मी हजर. मॅनेजर आला नव्हता. पार्ट काउंटरवर एक ताई बसतात, चष्मा, समोर दोन डबे कुपनं आणि रबर बँड. त्यांनी सहज विचारलं, काय काम? मी सतराव्यांदा तीच कथा सांगितली. त्या म्हणाल्या, “ऑइलचं बिल कोणत्या नावावर केलं होतं? मोबाइल नंबर सांगा.” नंबर टाकला. 7 फेब्रुवारीचं बिल समोर. त्याच नंबरावर दुसऱ्या खिडकीत आणखी काही तरी उघडलं आणि त्या हसल्या. “अहो, तुमचं जॉब कार्ड आहे की. ओपन आहे. क्लोजच केलं नाही कुणी.”

ओपन. जवळजवळ नऊ महिने. फेब्रुवारीपासून माझं जॉब कार्ड त्यांच्याच कॉम्प्युटरमध्ये उघडं पडलं होतं. पोरगा नोकरी सोडून गेला, कार्ड बंद करायचं राहिलं, आणि कंपनीला फक्त बंद झालेलीच कार्डं दिसतात. मॅनेजरने एकदाही माझा मोबाइल नंबर टाकून बघितला नव्हता. तो चॅसिस नंबरावर झालेल्या सर्व्हिसची यादी बघायचा आणि मान हलवायचा. मला त्या ताईंच्या पाया पडावंसं वाटलं आणि त्याच वेळी टेबल उलटं करावंसं वाटलं. दोन्ही केलं नाही. बिल आणि उघड्या जॉब कार्डाचे फोटो, वहीचं पान, सीलचा फोटो, 1915 चा तक्रार नंबर, सगळं एका ई-मेलमध्ये कंपनीच्या कस्टमर केअरला पाठवलं. एकाच पत्रात सगळं. तुकड्यातुकड्यांत पाठवलं की प्रत्येक तुकड्याला वेगळा माणूस उत्तर देतो.

6 तारखेला सील आणि मजुरी मंजूर. प्लेट नाही. “क्लच प्लेट झिजणारा पार्ट आहे.” इथे मी अडून बसलो. प्लेट झिजली असती तर माझं काही म्हणणं नव्हतं, पण ती तेलात भिजली आणि तेल तुमच्या सीलमधून आलं. प्लेटची जाडी मोजा म्हणालो. मेकॅनिकने मोजली आणि हळू आवाजात म्हणाला, अजून बरीच आहे. शेवटी कंपनीने ‘गुडविल’ म्हणून अर्धे पैसे सोडले, अर्धे, म्हणजे 4,200, मी भरले. नानांना अजून वाटतं की मी पूर्ण भांडायला हवं होतं. नानांची बाग वाचली होती, त्यांना बोलायला काय जातं.

9 नोव्हेंबरला ट्रॅक्टर घरी. त्याच रात्री फवारणी. सहा-सात टक्के घड गेले असतील माझ्या अंदाजाने, शेजाऱ्यापेक्षा जास्त.

आता एवढं करतो: सर्व्हिस झाली की मेकॅनिकला चहा आधी देत नाही. आधी जॉब कार्ड बंद झाल्याचा मेसेज माझ्या मोबाइलवर, मग चहा. 500 तासांच्या सर्व्हिसला आलेला पोरगा तासभर बसला, रेंज नव्हती म्हणून बांधावर जाऊन मोबाइल वर धरून उभा राहिला. आला मेसेज. कुपनाचा पण फोटो काढून ठेवतो, फाडायच्या आधी. आणि घेताना जी चूक केली ती तुम्ही करू नका; अॅव्हरेज आणि लिफ्ट बघता तसं ऑक्टोबरमध्ये शोरूमच्या मागच्या वर्कशॉपला जाऊन तासभर बसा. किती ट्रॅक्टर उघडे पडलेत आणि किती माणसं त्यांच्याभोवती फिरतायत ते दिसतं. तिथे वाट बघत बसलेला बागायतदार शोरूमच्या सेल्समनपेक्षा खरं बोलतो.

हां, अजून एक राहिलंच. टायर आणि बॅटरीची वॉरंटी ट्रॅक्टर कंपनी देत नाही, ती ज्याच्या त्याच्या कंपनीची, कार्डं वेगळी. हे मला परवा कळलं, बॅटरी सकाळी सकाळी दगा द्यायला लागल्यावर. कार्ड सीटखालच्या पिशवीत, गुंडाळलेल्या हाराच्या दोऱ्याबरोबर सापडलं. त्यावर तारीख नाही, शिक्का नाही. उद्या जातोय. त्या ताई काउंटरवर असल्या तर बरं.