पोलिसांची तक्रार थेट संसदेच्या समितीकडे?

“तुम्ही एसपी ऑफिसात होतात ना, मग एवढं सांगा. संसदेची ती गृह खात्याची समिती असते, तिच्याकडे आमच्या ठाण्याची तक्रार करता येते का?”

हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारला गेलाय, बँकेच्या रांगेत विचारला गेलाय आणि परवा तर सलूनमध्ये, अर्धी दाढी झालेली असताना. विचारणाऱ्याचं दुखणं बहुतेक वेळा एकच असतं. चोरीची नाहीतर मारहाणीची तक्रार द्यायला गेले, ठाणे अंमलदाराने एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, लिहून घेतली आणि “बघतो” म्हणून वाटेला लावलं. मग कोणीतरी सांगतं की दिल्लीत खासदारांची समिती असते, ती भल्याभल्या अधिकाऱ्यांना घाम फोडते.

घाम फोडते हे खरं. पण तुमच्या एनसीवरून नाही.

पोलीस हा विषय घटनेने राज्यांकडे दिलाय. केंद्राच्या गृह मंत्रालयाकडे दिल्ली पोलीस, सीआरपीएफ, बीएसएफ अशी दलं आहेत आणि राज्यांना आधुनिकीकरणासाठी द्यायचा पैसा आहे. संसदेची समिती बसते ती या मंत्रालयासमोर. अशा खातेनिहाय स्थायी समित्या १९९३ साली सुरू झाल्या. तेव्हा १७ होत्या, २००४ पासून २४ आहेत. प्रत्येकीत ३१ सदस्य, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. मंत्र्याला सदस्य होता येत नाही. साक्षीला मंत्री येत नाहीत, सचिव येतात. बैठका बंद दाराआड होतात, त्यामुळे कोणी कोणाला झापलं हे आपल्याला टीव्हीवर दिसत नाही. आणि रोजच्या कारभारात समितीने शिरायचं नाही, असं नियमातच लिहिलंय. तुमच्या पोराला रात्रभर का बसवून ठेवलं, हा त्यांच्या लेखी रोजचा कारभार.

मग समिती करते काय? माहिती मागवते. दिल्लीतून मागवलेली माहिती खाली झिरपत झिरपत कुठे पोचते, हे मी तीसेक वर्षं पाहिलंय. पोलिसांबद्दलचे राष्ट्रीय आकडे दरवर्षी १ जानेवारीच्या स्थितीनुसार गोळा होतात. महासंचालक कार्यालयातून तक्ता यायचा, वर लाल शाईत ‘तातडीचे’. आम्ही तो ठाण्याठाण्यांत फिरवायचो: मंजूर पदं, हजर पदं, वाहनं, दूरध्वनी, वायरलेस.

एका वर्षीची गोष्ट. डोंगराकडच्या एका ठाण्याच्या हवालदाराने दूरध्वनीच्या रकान्यात ‘आहे/नाही’ असं दोन्ही लिहून पाठवलं. मी खुलासा मागवायला निघालो आणि लक्षात आलं, फोन लावायचा कुठे? शेवटी वायरलेसवरून निरोप गेला. दोन दिवसांनी हवालदार स्वतःच आला. टेबलावर यंत्र आहे, म्हणाला, पण बिल थकल्यामुळे लाइन बंद आहे, मग काय लिहू? आमचे मोठे बाबू चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, “यंत्र आहे ना? मग आहे.” त्यांनी ‘नाही’वर रेघ मारली, मी तक्ता टाइप केला आणि ‘दूरध्वनी नसलेली ठाणी’ या रकान्यात आमच्या जिल्ह्यापुढे ‘निरंक’, म्हणजे एकही नाही, असं गेलं. हवालदार चहा पिऊन परत गेला. त्याच्या ठाण्याला वर्षभर फोन करता येत नव्हता, आणि कागदावर ते ठाणं अगदी सुसज्ज होतं. त्या टायपिंगची मला आजही थोडी लाज वाटते.

म्हणून फेब्रुवारी २०२२ मध्ये या समितीचा २३७ वा अहवाल आला तेव्हा मी तो चष्मा पुसून वाचला. विषय होता पोलिसांचं प्रशिक्षण, आधुनिकीकरण आणि सुधारणा. अध्यक्ष होते आनंद शर्मा. त्यात १ जानेवारी २०२० चे आकडे आहेत. देशात १६,८३३ पोलीस ठाणी. त्यातल्या २५७ ठाण्यांना वाहन नाही, ६३८ ठाण्यांत दूरध्वनी नाही, १४३ ठाण्यांत वायरलेसही नाही नि मोबाइलही नाही. मंजूर पदं २६,२३,२२५, प्रत्यक्षात माणसं २०,९१,४८८. म्हणजे पाच लाखांवर खुर्च्या रिकाम्या. महिला पोलीस शेकडा जेमतेम १०.

वर्तमानपत्रांनी ६३८ चा मथळा केला. मला मात्र वाटलं, हे ६३८ प्रामाणिक म्हणायचे. त्यांच्याकडच्या बाबूंनी ‘नाही’ खोडलं नाही. यंत्र असलेली पण लाइन मेलेली ठाणी कुठल्या रकान्यात गेली असतील? समितीकडे ना दुर्बीण, ना हेर. आमच्यासारख्यांनी जे टाइप केलं ते खासदारांपुढे जातं. तरीही एकदा आकडा छापला गेला की मंत्रालयाला त्यावर लेखी उत्तर द्यावं लागतं, काय केलं आणि काय केलं नाही ते कारणासकट. मग समिती त्या उत्तरांचाही अहवाल काढते: कुठली शिफारस मानली, कुठली नाही, कुठल्या उत्तराने आमचं समाधान झालं नाही. सक्ती कसलीच नाही, शिफारस ही शिफारसच. पण ‘निरंक’ लिहून सुटका होत नाही.

कधीकधी मात्र एका शब्दाचं काम होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये नवे तीन फौजदारी कायदे विधेयक म्हणून आले आणि याच समितीकडे गेले. तेव्हा अध्यक्ष होते ब्रिजलाल, उत्तर प्रदेशचे माजी पोलीस महासंचालक. माझा एक जुना सहकारी म्हणाला, “झालं, पोलीसच पोलिसांना तपासणार.” त्यातल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या विधेयकात कोणाला बेड्या घालता येतील याची यादी होती, आणि त्यात आर्थिक गुन्हेही होते. समितीने ते काढायला सांगितलं, डिसेंबरात सुधारून आणलेल्या विधेयकातून ते गेलं. समितीचं सगळंच ऐकलं गेलं असं नाही. पोलीस कोठडीच्या १५ दिवसांच्या कलमाची भाषा स्पष्ट करा असंही तिने म्हटलं होतं, ती भाषा तशीच मोघम राहिली. विरोधी सदस्यांनी भिन्नमतपत्रिका जोडल्या. पण ज्या कोणा कारकुनाला किंवा व्यापाऱ्याला उद्या हिशेबाच्या भानगडीत पकडतील, त्याच्या मनगटाचा प्रश्न त्या बंद खोलीत सुटला, हे मी सहकाऱ्याला ऐकवलंच.

आपल्याकडे जिल्ह्याला खरी धडकी भरते ती विधिमंडळाच्या समित्यांच्या दौऱ्याची. अनुसूचित जाती कल्याण समिती येणार म्हटलं की अॅट्रॉसिटीच्या गुन्ह्यांचा तक्ता तीनतीनदा तपासला जायचा: दोषारोपपत्र कधी गेलं, पीडिताला अर्थसाहाय्य कधी मिळालं, उशीर का. आठ महिने पडून असलेला कागद दौऱ्याच्या आदल्या रात्री सहीला गेलेला मी पाहिलाय. विश्रामगृहाला नवा चुना, सतरंज्या धुतलेल्या, हे सोंग सोडा. तो कागद मात्र खरंच हलला होता.

आता तुमच्या कामाचं. ठाण्यात गुन्हा घेत नसतील तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली तक्रार लेखी, पोस्टाने एसपींना पाठवा. तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. पोलिसांनी बेकायदा अटक केली, जबर मारलं, पैसे उकळले असं काही असेल तर राज्य आणि विभाग पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. पोलीस सुधारणांबद्दलच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या प्रकाश सिंह निकालानंतर आपल्या महाराष्ट्राच्या पोलीस कायद्यात ते २०१४ साली आलं. आमदार बरा असेल तर विधिमंडळात लक्षवेधी सूचना लागू शकते, म्हणजे मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यावं लागतं. लक्षवेधी लागली की एसपी ऑफिसातले दिवे रात्री उशिरापर्यंत जळतात, हे अनुभवाने सांगतो.

सलूनमधल्या त्या गृहस्थांचा अर्ज मीच लिहून दिला. दीड पान, तारीखवार, एकही विशेषण नाही. ते म्हणाले, वरती ‘मा. संसदीय समिती’ असं टाकू या ना, जरा वजन पडेल. मी खोडलं. पोस्टाची पावती जपून ठेवा, आणि आवक शाखेत हाती देणार असाल तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. बाबू म्हणेल शाई वाळलीये. थांबा तिथेच. शाईची बाटली खालच्या खणात असते.