तुम्ही विचारलंत म्हणून: लोफोटेनची छोटी संग्रहालयं कशी बघावीत?

"नॉर्वेत लोफोटेनला चार दिवस आहोत. डोंगर, समुद्र, मध्यरात्रीचा सूर्य, सगळं ठरलंय. वाटेत छोटी संग्रहालयं लागतात, तिथे थांबावं का? आणि वेळ कमी पडला तर कोणतं गाळावं?" हा प्रश्न इतक्यांदा येतो की एकदा नीटच उत्तर देते.

थांबाच. पण काचेच्या कपाटांची अपेक्षा ठेवून जाऊ नका. इथलं संग्रहालय म्हणजे बहुतेक वेळा जागच्या जागी राखलेली मच्छीमारवस्तीच असते: धक्का, होड्यांची शेड, बेकरी, तेलाचा कारखाना, वस्तीच्या मालकाचा वाडा. एका माशाभोवती हे सगळं उभं राहिलं. तो मासा म्हणजे स्क्राय, बॅरेंट्स समुद्रातून दर हिवाळ्यात अंडी घालायला इथे येणारा कॉड. जानेवारी ते एप्रिल त्याचा हंगाम. माशाच्या वाटेनं गेलात, म्हणजे होडी, झोपडी, वाळवण, तेल आणि शेवटी वाडा असं, तर सगळं आपोआप उलगडत जातं.

खरी अडचण तारखांची आहे. मासा वाळत घातलेला बघायचा तर मार्च-एप्रिल हवा, आणि छोटी संग्रहालयं पूर्णवेळ उघडी असतात ती साधारण मध्य जून ते मध्य ऑगस्ट. तोवर मांडव रिकामे झालेले असतात. मासे मे-जूनमध्ये उतरवतात, म्हणून मेअखेर ते जूनची सुरुवात हा त्यातल्या त्यात मधला मार्ग. मात्र त्या दिवसांत बरीच ठिकाणं आठवड्यातले काहीच दिवस आणि काहीच तास उघडतात. निघण्यापूर्वी त्याच आठवड्याच्या वेळा बघून घ्या, गेल्या वर्षीच्या नकोत. दारावरची पाटी वाचता यायला हवी: 'ओपेन्त' म्हणजे उघडं, 'स्टेंग्ट' म्हणजे बंद, 'मान-फ्रे' म्हणजे सोमवार ते शुक्रवार. घड्याळ चोवीस तासांचं असतं. ११-१५ लिहिलं असेल तर दुपारी तीनला कुलूप लागतं, आणि बाहेर लख्ख ऊन असल्यामुळे अंदाज हमखास चुकतो.

रस्त्यावर चारी कोपऱ्यांना वेढे असलेल्या चौकोनाचं चिन्ह दिसलं की समजा, जवळ काहीतरी पाहण्याजोगं आहे. मॅकच्या कीबोर्डवर कमांडच्या कळीवर असतं तेच हे चिन्ह. ई१० या एकाच रस्त्यावर जवळपास सगळं आहे. स्वोल्व्हेर या मुख्य गावापासून टोकाच्या 'ओ' गावापर्यंत सुमारे १३० किलोमीटर. (नॉर्वेजियन वर्णमालेतलं शेवटचं अक्षर हेच या गावाचं नाव, अर्थ ओढा.) अंतर छोटं वाटतं, पण पश्चिमेकडे रस्ता अरुंद होतो आणि पुढे कॅरव्हॅन असेल तर मागे निमूट राहावं लागतं. एका दिवसात दोन ठिकाणं नीट होतात, तीन म्हणजे धावपळ.

स्वोल्व्हेरहून निघालात तर पहिलं काबेलवोगजवळचं स्टोरवोगान. राजा ऑयस्टाइननं ११२०च्या सुमारास मच्छीमारांसाठी इथेच निवारे बांधले, असं जुन्या राजकथांत आहे. त्यांना रूरबू म्हणतात: 'रू' म्हणजे वल्हवणं, 'बू' म्हणजे राहण्याची जागा. आत जाऊन उभे राहा. एका भागात जाळी, गळ, आमिष. दुसऱ्या भागात चूल आणि भिंतीला लागून झोपायला फळ्यांच्या बाका, एकेकीवर दोन माणसं. अख्ख्या होडीचे खलाशी महिनोन्महिने इथे राहायचे. प्रत्येकाची एक पेटी असे, फुगीर झाकणाची, आणि घरच्या बाईनं तिच्यात पातळ भाकऱ्या, लोणी, खारवलेलं मांस भरून दिलेलं असे. पेटीचं झाकण बघा, मग बाहेर येऊन १८१५चा मालकाचा वाडा बघा. रूरबू मालकाची, म्हणून मासाही त्यालाच विकायचा, हा तिथला रिवाज. त्या दोन दारांमधलं अंतर पायी चालून बघितल्याशिवाय लोफोटेनचा इतिहास कळत नाही. घाईत लोक नेमका वाडाच बघून निघतात, याचं मला फार वाईट वाटतं.

बोर्गला व्हायकिंग काळातल्या सरदाराचं ८३ मीटर लांबीचं घर पुन्हा उभारलंय. १९८१ मध्ये शेत नांगरताना खुणा सापडल्या, १९८३ ते १९८९ उत्खनन झालं, १९९५ला संग्रहालय सुरू झालं. हे मोठं आहे, गर्दीही असते. मुलं बरोबर असतील तर जरूर जा, नाहीतर वेळ 'ओ'साठी ठेवा.

वाटेत सुंडला जुनी बोटींची इंजिनं आहेत. चालू करून दाखवत असतील तर थांबा. जुन्या पद्धतीच्या इंजिनाचं डोकं आधी ब्लोलॅम्पच्या ज्योतीनं तापवावं लागतं, ते पुरेसं तापलं नाही तर इंजिन धरत नाही. ठोक-ठोक सुरू झालं की पायाखालची फळी हादरते.

वाळवलेला कॉड म्हणजे टोरफिस्क. डोकं आणि आतडी काढून, सारख्या आकाराचे दोन मासे शेपटीला बांधून जोडी लाकडी मांडवावर टांगतात. मीठ नाही, धूर नाही. आपल्याकडे दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून वलांडीवर घालतात, तीच युक्ती. फरक इतकाच की बोंबलाला ऊन लागतं आणि याला शून्याच्या आसपासची थंडी. फार गोठलं तर मांस स्पंजासारखं भुसभुशीत होतं, ऊब लवकर आली तर माश्या बसतात. जमून आलं तर पाच किलोंचा एक किलो उरतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. दोन टोरफिस्क एकमेकांवर आपटून बघा, लाकडासारखा ठक्क आवाज येतो. मग हातानं, डोळ्यानं, नाकानं पारखून साधारण वीस प्रती लावतात. उत्तम प्रत इटलीला, डोकी नायजेरियाला.

'ओ'ला ई१० संपतो. छोट्या बोगद्यापलीकडे गाडी लावून उतारानं गावात चालत या. १८४४च्या बेकरीतला दालचिनीचा बन दुपारी उशिरा उरत नाही, म्हणून तो आधी घ्या. मग कॉडच्या यकृताच्या तेलाचा कारखाना. पूर्वी यकृतं पिंपात नुसती ठेवून तेल सुटू देत, ते तपकिरी आणि उग्र. १८५०च्या दशकात पीटर मोलर यांनी वाफेची पद्धत आणली आणि तेल फिकट, सोसवेल असं झालं. चमचाभर चाखायला दिलं तर नाक न दाबता घ्या.

एकच ठिकाण जमणार असेल तर मी 'ओ'च सुचवीन. सकाळी उघडतानाच पोहोचा, दोन ते तीन तास ठेवा. ओल्या फळ्यांवर पाय घसरतो, तेव्हा खाचांच्या तळव्याचे बूट घाला.