तुम्ही विचारलंत म्हणून : स्पितीची पहिली ऑफ-रोड सफर कशी आखावी?

‘मार्गदर्शक सोबत घेऊन कच्च्या वाटांवरून बाईकची एक सफर करायची आहे, ती कशी आखावी?’ हा प्रश्न मला वर्षभरात पंधरा-वीस वेळा तरी विचारला जातो, आणि विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मनात हिमाचल प्रदेशातले स्पितीचे खोरे असते. मी स्वतः सहा वेळा त्या खोऱ्यात गेलो आहे आणि पुण्याहून निघणाऱ्या काही गटांच्या आखणीत मदतही केली आहे, म्हणून लोक माझ्याकडे येतात. रोज किती किलोमीटर, एकूण किती दिवस आणि माणशी किती खर्च, एवढे त्यांना हवे असते. मी मात्र आधी त्यांनाच विचारतो, की तुमच्या गटात सर्वांत सावकाश चालवणारा कोण आहे, आणि सफरीच्या सातव्या दिवशी दुपारी तीन वाजता तो कुठे असेल? या प्रश्नाचे उत्तर सापडले की किलोमीटर, दिवस आणि खर्च हे सारे त्याच्यामागून आपोआप ठरत जाते. त्या उत्तराशिवाय केलेली आखणी नकाशावर कितीही देखणी दिसली तरी वाट ओलांडून वाहणाऱ्या पहिल्या मोठ्या नाल्यापाशी कोलमडते.

बाईकचा विषय आधी संपवतो. ज्यांनी पूर्वी कच्च्या वाटेवर फारशी बाईक चालवलेली नाही त्यांना मी हलकी बाईक घ्यायला सांगतो, आणि त्यांना ते आवडत नाही. हिरोची एक्सपल्स २०० ४व्ही १६० किलोच्या आत आहे. रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० सुमारे १९६ किलोची आहे. महामार्गावर दुसरी अर्थातच अधिक सुखाची. परंतु चार हजार मीटरच्या वर, गोट्यांमध्ये आडवी झालेली बाईक दिवसातून पाच वेळा उचलताना हा पस्तीस-चाळीस किलोंचा फरक छातीत जाणवतो. हलक्या बाईकचीही एक मर्यादा आहे. वाटेतली कुंझुम खिंड सुमारे ४,५५० मीटरवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ५७ टक्केच उरतो, त्यामुळे पुण्यात १९ बीएचपीच्या आसपास ताकद देणारे इंजिन तिथे तिच्या निम्म्याहून थोडीच अधिक ताकद देते. म्हणून एक्सपल्सवर मागे माणूस किंवा जड सामान ठेवू नये. सामान गटामागून येणाऱ्या बॅकअप गाडीत जाऊ द्यावे. बाईक भाड्याची असेल तर तिच्या काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे आहेत ना, म्हणजे ती भाड्याने देण्यासाठीच नोंदलेली आहे ना, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे. खासगी नोंदणीची बाईक भाड्याने घेतली आणि अपघात झाला, तर विम्याचा दावा टिकणे कठीण असते.

चार चाकांच्या एटीव्हीविषयीही पुष्कळ जण विचारतात, कारण ती पडत नाही असा समज आहे. एटीव्ही उलटते, आणि दोन-तीनशे किलोचे ते धूड उतारावर चालवणाऱ्याच्याच अंगावर येते. शिवाय आपल्याकडे एटीव्हीची सहसा रस्त्यासाठी नोंदणी होत नाही, त्यामुळे ती खासगी जागेत तासाभराच्या फेरीपुरतीच मिळते आणि अनेक दिवसांच्या सफरीसाठी तिचा विचार करता येत नाही.

आता दिशा. स्पितीत शिरण्याच्या दोन वाटा आहेत, एक सिमल्याहून किन्नौरमार्गे आणि दुसरी मनालीहून ग्रामफू, छतरू, बातल आणि कुंझुममार्गे. दुसरी जवळची आहे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाल्यापासून रोहतांग खिंड चढावीही लागत नाही, आणि नेमक्या याच कारणाने ती नवख्यांना अधिक धोक्याची झाली आहे. मनाली सुमारे २,०५० मीटरवर आहे. सकाळी तिथून निघालेला गट संध्याकाळी चंद्रताल तळ्याजवळच्या तंबूंमध्ये, म्हणजे सुमारे ४,२५० मीटरवर झोपायला जातो. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका रात्रीत साधारण पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये असा डॉक्टरांचा सर्वसाधारण सल्ला आहे, आणि इथे तर एकाच दिवसात बावीसशे मीटर चढून जाणे होते. त्या तंबूंमध्ये डोके धरून, उलट्या करत रात्र काढणारी धडधाकट तरुण मुले मी पाहिली आहेत. ही सफर बाईकची असल्याने एक धोका आणखी वाढतो. उंचीचा त्रास होत असलेल्या माणसाचे निर्णय मंदावतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला त्या संपूर्ण मार्गावरचे सर्वांत अवघड नाले ओलांडायचे असतात.

म्हणून मी प्रत्येकाला सिमल्याहून वर जा आणि मनालीकडे उतरा असे सांगतो. वाटेत नारकंड किंवा सराहन, मग सुमारे २,९६० मीटरवरचे कल्पा. तिथून निघून नाकोला फक्त दुपारचे जेवण घ्यावे आणि मुक्काम सुमारे ३,२८० मीटरवरच्या ताबोला करावा; इसवी सन ९९६ मध्ये स्थापन झालेला तिथला गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, पाहण्यासाठी संध्याकाळ मोकळी मिळते, हा वेगळा लाभ. त्यानंतर काजा, सुमारे ३,६५० मीटर. काजाला निदान तीन रात्री राहावे. या मुक्कामाला लोक ‘वाया गेलेले दिवस’ म्हणतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटते, कारण खरी बाईक चालवण्याची मजा तिथेच आहे. लांगझा, हिक्किम आणि कौमिक ही गावे, ‘की’ नावाच्या गोंपावरून किब्बर आणि चिचमकडे जाणारी वाट, पिन खोऱ्यातले मुद, या सर्व ठिकाणी सामानाशिवाय, हलक्या बाईकवरून जाता येते आणि संध्याकाळी खाली काजाला येऊन झोपता येते. दिवसा साडेचार हजार मीटरपर्यंत चढावे आणि रात्री खाली येऊन निजावे, याने शरीर जसे रुळते तसे कशानेच रुळत नाही. आणि कोणाला त्रास झालाच, तर काजाला सरकारी रुग्णालय आहे; चंद्रतालला काही नाही. गटात परदेशी पारपत्र असलेले कोणी असेल, म्हणजे अमेरिकेहून सुटीवर आलेला भाचा वगैरे, तर रेकाँग पिओच्या पुढच्या पट्ट्यासाठी त्याला इनर लाइन परवाना, म्हणजे सीमेजवळच्या भागात जाण्याची सरकारी परवानगी, लागते. त्यासाठी अर्धा दिवस धरून ठेवावा.

महिना कोणता, याचे माझे उत्तर सप्टेंबर हे आहे. स्पिती पर्जन्यछायेत असली तरी तिच्याकडे जाणाऱ्या कुल्लू आणि किन्नौरच्या वाटा तशा नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे दरडी कोसळतात आणि नाकोजवळचा मलिंगचा उतार घसरला की सारेच ठप्प होते. जूनमध्ये कुंझुम नुकती उघडलेली असते आणि वितळत्या बर्फाने नाले भरलेले असतात.

नाल्यांविषयी मला सविस्तर लिहायलाच हवे. ग्रामफू ते बातल या पट्ट्यातले नाले हिमनद्यांच्या आणि साठलेल्या बर्फाच्या पाण्यावर वाहतात. रात्री वर गोठण असते, त्यामुळे पहाटे पाणी सर्वांत कमी असते; ऊन वर आले की ते चढू लागते आणि दुपारनंतर त्याच नाल्याचे रूप पूर्णपणे बदललेले असते. सकाळी सात वाजता घोट्यापर्यंत असलेले पाणी तीन वाजता मांडीला लागते आणि तळातले गोटे सरकू लागतात. म्हणून त्या दिवसाची सारी आखणी उलटीकडून करावी लागते. शेवटचा मोठा नाला दुपारी बाराच्या आत ओलांडायचा असेल, सर्वांत सावकाश रायडर तासाला बारा ते पंधरा किलोमीटरच कापणार असेल आणि प्रत्येक नाल्यावर आठ बाईक एकेक करून पार व्हायला अर्धा तास लागणार असेल, तर निघायचे किती वाजता हे आपोआप कळते. मी ज्या गटांची आखणी केली ते चंद्रतालहून पहाटे साडेपाचला निघाले. न्याहारी बातलच्या ढाब्यात. नाल्यापाशी पोचल्यावर बाईक थांबवून आधी चालत जाऊन पाणी पाहायचे, दुसऱ्या कोणाला पार होताना पाहायचे, मग पहिल्या गिअरमध्ये, एकसारखी रेस ठेवून, पाण्याकडे न पाहता समोरच्या काठाकडे पाहत जायचे. बाईक पाण्यात पडून बंद झाली तर स्टार्टर दाबण्याचा मोह आवरावा. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असेल तर त्या एका दाबण्याने कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. प्लग काढून पाणी बाहेर काढणे हे पहिले काम.

याच पट्ट्यात काही वर्षांपूर्वी माझ्यासोबतच्या एका मित्राचा घोटा मोडला. त्याच्या पायात ट्रेकिंगचे बूट होते. बाईक आडवी झाली आणि पाय तिच्याखाली दोन धोंड्यांच्या मध्ये सापडला. ती सफर आम्ही एका संस्थेकडून घेतली होती आणि माहितीपत्रकात मार्गदर्शक, मेकॅनिक आणि बॅकअप गाडी असे सर्व काही लिहिलेले होते. प्रत्यक्षात मार्गदर्शक वेगवान रायडरांबरोबर बराच पुढे निघून गेला होता, आमच्या मागे कोणीही नव्हते आणि बॅकअप गाडी त्याच संस्थेच्या दुसऱ्या गटालाही सांभाळत होती. मोबाइलला रेंज नव्हती, आणि आपल्या देशात परवानगीशिवाय उपग्रह फोन बाळगणे बेकायदेशीर असल्याने तोही पर्याय नव्हता. आम्ही चार तास त्या काठावर बसलो, पाणी डोळ्यांदेखत चढत होते, आणि शेवटी एका मालट्रकच्या चालकाने त्याला स्वतःच्या केबिनमध्ये उचलून घेतले. मित्र बरा झाला, आजही बाईक चालवतो. परंतु तेव्हापासून कोणत्याही संस्थेशी बोलताना मी दराच्या आधी तीन गोष्टी विचारतो. गटाच्या अगदी मागे कोण असेल आणि तो तुमचा पगारी माणूस आहे की गटातलाच एखादा अनुभवी रायडर? बॅकअप गाडी फक्त आमचीच आहे का? आणि नाला ओलांडायचा नाही असे मार्गदर्शकाने ठरवले, तर त्या रात्रीच्या मुक्कामाचे पैसे कोण भरणार? तिसरा प्रश्न ऐकून काही जण गोंधळतात. ज्यांच्याकडे त्याचे उत्तर तयार असते, त्यांनी मागे फिरण्याचा विचार आधीच केलेला असतो, आणि मला तेच लोक हवे असतात.

आठ रायडरांना एक पुढचा आणि एक मागचा मार्गदर्शक, हे प्रमाण मी सोडत नाही. प्रत्येक फाट्यावर पुढच्या मार्गदर्शकाच्या लगेच मागे असलेल्या रायडरने थांबावे, सर्वांना वाट दाखवावी आणि मागचा मार्गदर्शक आला की त्याच्या पुढे राहून निघावे, ही साधी पद्धत पाळली तर कोणाला घाई करावी लागत नाही. सावकाश चालवणाऱ्याला आपण मागे पडलो अशी भीती वाटत नाही, आणि मी पाहिलेली बहुतेक पडझड त्या भीतीनेच झाली आहे.

पेट्रोलच्या बाबतीत ग्रामफू आणि काजा यांच्यामध्ये पंप नाही असे धरूनच चालावे. टायरमधली हवा गोट्यांच्या वाटेवर वीस-बावीस पीएसआयपर्यंत उतरवावी, त्याहून खाली गेल्यास रिमखाली चिमटून ट्यूब फाटते. हेल्मेट आणि नी-गार्ड लोक घेतातच. पैसे कमी पडत असतील तर जॅकेट साधे घ्यावे, पण बूट घोटा जखडून ठेवणारे, ऑफ-रोडचेच घ्यावेत. वैयक्तिक अपघात विम्याच्या कागदात साहसी खेळ वगळलेले असतात का, हे निघण्यापूर्वी वाचून पाहावे.

‘ऑफ-रोड’ या शब्दामुळे होणाऱ्या एका गैरसमजाविषयी मला कळकळीने लिहावेसे वाटते. स्पितीत वाट सोडून कुरणात बाईक घालणे म्हणजे ऑफ-रोड नव्हे. त्या थंड वाळवंटात झुडपे बोटभर वाढायला वर्षानुवर्षे लागतात, टायरचे चरे पुढच्या कित्येक उन्हाळ्यांपर्यंत दिसत राहतात आणि ते गवत म्हणजे गावातल्या याकांचा आणि मेंढ्यांचा चारा असतो. चंद्रताल तर २००५ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. तिथे बाईक वाहनतळावर ठेवून तळ्यापर्यंत चालतच जावे. आपल्या सह्याद्रीतल्या सड्यांना, म्हणजे कातळाच्या पठारांनाही हेच लागू आहे. पावसाळ्यात तिथल्या पातळ मातीवरून दहा बाईक गेल्या की त्या हंगामाची फुले संपली. सरावासाठी सड्यावर जाण्याऐवजी पुण्याच्या परिसरात ऑफ-रोडचे प्रशिक्षण देणाऱ्या खासगी जागा आहेत, तिथे दोन दिवस द्यावेत. फूटपेगवर उभे राहून चालवणे, उतारावर पुढचा ब्रेक हलक्या हाताने वापरणे आणि पडलेली बाईक पाठीला इजा न करता उचलणे, एवढ्या तीन गोष्टी पक्क्या झाल्या तरी स्पितीसाठी बरेच झाले.

राहता राहिला खर्चाचा आणि दिवसांचा प्रश्न. सिमल्यापासून मनालीपर्यंत बाईकचे दहा दिवस धरा आणि त्यात दोन दिवस कोरे ठेवा, ज्यांच्यासमोर काहीही लिहिलेले नाही. संस्थेने आठ दिवसांत करून देतो म्हटले तर तिला त्या दोन दिवसांचे वेगळे पैसे सांगायला सांगा आणि ते भरा. परतीचे विमानाचे तिकीट मनालीला पोचण्याच्या ठरलेल्या दिवसानंतर दोन दिवस सोडून काढा. मी ज्या गटांना संध्याकाळी पाच वाजता, चढलेल्या पाण्यात बाईक घालताना पाहिले आहे, त्यांतल्या बहुतेकांच्या खिशात दुसऱ्या दिवशीचे तिकीट होते. तुमच्या तारखा ठरल्या की मला कळवा; त्या वर्षी कुंझुमच्या वाटेवर सीमा सडक संघटनेचे काम कुठे चालू आहे ते पाहून मुक्काम एकत्र बसून ठरवू.