झडती

ससा पाळलाय म्हटल्यावर लोक आधी लेंड्यांची चौकशी करतात, मग वासाची, मग वायरी कुरतडतो का याची. केसांबद्दल कुणी विचारत नाही. केस ही तर सशाची जमेची बाजू! आल्या आल्या ‘अय्या, किती मऊ!’ म्हणत हात पुढे होतो. हा मऊपणा वर्षातून दोनदा सशाच्या अंगावरून उतरतो आणि घरभर मुक्कामाला येतो, हे ज्याच्या घरी ससा आहे त्यालाच माहीत असतं.

आमचा तात्या रानसशाच्या रंगाचा आहे. लांबून बघितला तर मातकट, नजरेत न भरणारा. पण त्याच्या पाठीवर जवळून हलकी फुंकर मारा. केस बाजूला होतात, मध्ये खळगा पडतो आणि त्या खळग्यात एकात एक वर्तुळं दिसतात. मुळाशी करडं, त्याच्या बाहेर तांबूस पिवळं, कडेला काळं. एकेका केसाला हे तीन रंग मिळालेले आहेत. मी हे पाहुण्यांना हौसेने दाखवते. पाहुणे एकदाच वाकून बघतात, कारण फुंकरीसरशी सुटे केस उडून नेमके त्यांच्या नाकात जातात.

रानससा हा फक्त रंगापुरता. आपल्या माळावर किंवा उसाच्या फडात अचानक पायातून उठून पळतो, तो ससा वेगळा. तो बीळ करत नाही आणि त्याची पिल्लं अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्माला येतात. तात्याचं मूळ गाव स्पेन-पोर्तुगालकडे. तिकडचे बिळात राहणारे ससे हेच जगातल्या यच्चयावत पाळीव सशांचे पूर्वज. तिकडे हिवाळा खराखुरा असतो, म्हणून थंडीला दाट आणि उन्हाळ्याला विरळ असे दोन अंगरखे लागतात. अंगरखा कधी बदलायचा हे सशाचं शरीर मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून ठरवतं. लंडनला डिसेंबरातला दिवस जेमतेम आठ तासांचा आणि जूनमधला साडेसोळा तासांचा असतो. एवढा फरक कुणालाही कळेल. पुण्यात सगळ्यात लहान दिवस अकरा तासांचा आणि मोठा सव्वातेराचा, त्यात आमच्या हॉलमधली ट्यूब रात्री अकरापर्यंत चालू. बिचाऱ्याने काय हिशोब लावायचा? त्याने आपल्या परीने लावलाय. होळीच्या मागेपुढे एक मोठी झड, पाऊस ओसरताना दुसरी, आणि अधूनमधून किरकोळ विक्री चालूच.

झड सुरू होते नाकापासून. कपाळावरचे केस आधी निस्तेज होतात, मग मानेवरून एक रेघ खाली सरकायला लागते. रेघेच्या वर नवा, गडद, तुळतुळीत कोट आणि खाली जुना, विटका. रेघ रोज थोडी पुढे जाते. पाठ झाली की कुशी, आणि सगळ्यात शेवटी मागचा भाग. तिथे केस पुंजक्या-पुंजक्यांनी सुटून बाहेर लोंबतात आणि तात्या एखाद्या जुन्या गादीसारखा दिसतो, जिचा कापूस शिवणीतून बाहेर आलाय. याच दिवसांत त्याची कातडी पाहिली तर मध्येच गडद बेटं दिसतात. पहिल्या वर्षी मुलीने ती पाहून खरूज झाली म्हणून रडारड केली होती. ती बेटं म्हणजे नवे केस जोमाने उगवत असलेली जागा, बाकी काही नाही.

आता केस विंचरायचे. इथे पहिला प्रश्न पंख्याचा येतो. मार्च-एप्रिलमध्ये पंखा बंद करून बसायचं म्हणजे काय, हे पुणेकराला सांगायला नको. पण पंखा चालू ठेवला तर काढलेला प्रत्येक केस छताला प्रदक्षिणा घालून पुन्हा तात्यावरच उतरतो. तात्याला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो आणि तीस अंशांच्या वर पारा गेला की त्याचे हाल होतात. म्हणून हा कार्यक्रम पहाटे, ऊन चढायच्या आत. चहा नंतर.

दुसरा प्रश्न बसण्याचा. सशाला उचलून मांडीवर घ्यायचं आणि विंचरायचं, हे चित्रातच होतं. उचलणारा म्हणजे घार किंवा कोल्हा, हे त्याच्या हाडामांसात मुरलेलं आहे. हाडं नाजूक, मागचे पाय मात्र दणकट. हवेत असताना त्याने जोरात लाथ झाडली तर स्वतःचाच कणा मोडून घेऊ शकतो. त्याला उताणं केलं की तो निपचित पडतो, आणि ‘बघा, किती शांत झालाय’ म्हणून लोक त्याचे व्हिडिओ काढतात. ते शांत होणं नसतं, भीतीने थिजणं असतं. मला ते व्हिडिओ बघवत नाहीत. तेव्हा तात्या खाली फरशीवर, मी त्याच्या शेजारी पालथी, आणि आमच्यामध्ये जुन्या टॉवेलचा तुकडा.

हत्यारं म्हणाल तर माझ्याकडे एक रबरी दातांचा ब्रश आहे, आणि आईंची, म्हणजे सासूबाईंची, लाकडी फणी. ही फणी एके काळी घरातल्या सगळ्या मुलींच्या उवा काढून दमलेली. दुकानात मिळणारे तारांचे ब्रश मी वापरत नाही. सशाची कातडी इतकी पातळ असते की ओढाताण झाली तर फाटते, आणि गुंता सुटत नाही म्हणून कात्री घेतली तर हमखास कातडीच सापडते. पण खरं सांगायचं तर सगळ्यात चांगलं हत्यार म्हणजे ओला हात. वाटीत पाणी घ्यायचं, तळवा ओला करायचा, निथळायचा आणि मानेकडून शेपटीकडे फिरवायचा. हात मातकट मोज्यात घातल्यासारखा होऊन बाहेर येतो. तो पुसायचा, पुन्हा ओला करायचा. मागच्या बाजूचे पुंजके मात्र चिमटीने घ्यायचे. सुटलेला असेल तर पुंजका बोटांत आपणहून येतो, त्याला कळतही नाही. नसेल सुटलेला तर तात्या मागे वळून बघतो. त्या बघण्यात ‘कळलं का?’ असं स्पष्ट असतं.

तात्याला कपाळ आणि गाल विंचरलेले आवडतात. तेव्हा तो डोळे अर्धे मिटतो, हनुवटी जमिनीला टेकवतो आणि दात हलकेच एकमेकांवर घासतो. कान जवळ नेला तर बारीक कटकट ऐकू येते. पाठ चालते. कुशी सहन करतो. पोट मात्र नाही. तिकडे बोट वळलं की उठतो, दोन पावलं जातो, मागचे पाय माझ्या तोंडाकडे करून झटकतो आणि पाठ फिरवून बसतो. सशांच्या जगात याहून मोठा अपमान नाही. फारच रागावला तर मागचा पाय फरशीवर आपटतो, मग खालच्या मजल्यावरच्या काकू वर बघत असणार. तिथे आमची बैठक संपते. जबरदस्ती करून फायदा नसतो, दुसऱ्या दिवशी तो टॉवेल दिसताच दिवाणाखाली जातो आणि मग मला पहाटे दिवाणाखाली कोथिंबीर घेऊन झोपावं लागतं.

‘एवढं कशाला करतेस, एकदा स्वच्छ अंघोळ घाल त्याला,’ असं आईंचं म्हणणं. सांगलीच्या वाड्यात गाईम्हशी धुतल्या आहेत त्यांनी, त्यांचं बरोबरच आहे. पण ससा पाण्याने इतका घाबरू शकतो की धक्क्याने दगावायचा, आणि आतला दाट थर भिजला की तासन्‌तास वाळत नाही. शिवाय तो स्वतः दिवसभर चाटून चाटून अंग पुसतच असतो.

खरी गोम तिथेच आहे. चाटताना केस पोटात जातात. मांजर ते ओकून टाकतं. सशाला ओकताच येत नाही, त्याच्या शरीराची रचनाच तशी नाही. जे आत गेलं ते पुढूनच बाहेर पडायला हवं. झडीच्या दिवसांत तात्याच्या लेंड्या केसाने एकमेकींना ओवलेल्या सापडतात, सहा-सात मण्यांची माळच. मी ती उचलून उजेडात धरून बघते, आणि मुलगी ‘ई, आई!’ म्हणून ओरडते. पण माळ दिसली की मला बरं वाटतं, कारण केस बाहेर पडतायत. माळेतले मणी बारीक व्हायला लागले, किंवा माळही नाही आणि लेंड्याही नाहीत, तर खरी काळजी. अर्धा दिवस सशाने तोंडात काही घेतलं नाही तर थांबायचं नसतं, थेट सशांचं कळणाऱ्या डॉक्टरकडे.

पूर्वी समजूत होती की केसांचा गोळा अडकतो आणि पोट बंद पडतं. आता जाणकार सांगतात ते उलट. सशाच्या पोटात थोडेफार केस नेहमीच असतात. पोटाची हालचाल मंदावली, पाणी कमी पडलं की तेच वाळून गोळा होतात. म्हणून कुणी ‘अननसाचा रस द्या, पपई द्या, केस विरघळतात’ असं सांगितलं की मी मान डोलावते आणि देत नाही. त्या फळांनी केस विरघळत नाही. उलट साखर मात्र जाते पोटात. लागतं ते गवत, भरपूर, लांब काड्यांचं, जे आतडं हलतं ठेवतं. टिमथी गवताचं पाकीट कुरिअरने येतं आणि किमतीकडे बघून वाटतं की यापेक्षा आम्हीच गवत खाल्लं असतं. पण दुसऱ्या झडीला तात्याचं नशीब जोरावर असतं. तेव्हा भाद्रपद असतो आणि घरात दूर्वाच दूर्वा.

दूर्वा म्हणजे आपली हरळीच, आणि तात्याला ती प्राणप्रिय. आई रोज एकवीसची जुडी बांधतात. बांधताना उरलेल्या काड्या धुऊन तात्याला. नियम कडक आहे, आधी गणपती, मग तात्या. आरतीच्या वेळी तो हॉलच्या दाराशी मागच्या पायांवर उभा राहतो. पाहुणे म्हणतात, भक्त आहे हो. मी काही बोलत नाही.

गणपती आणि झड एकदम येणं ही मात्र आईंची परीक्षा असते. सोवळं, नैवेद्य आणि हवेत तरंगणारे तात्याचे केस. उकडीचे मोदक करायच्या दिवशी स्वयंपाकघराचं दार बंद, दाराखालच्या फटीत ओला टॉवेल, आणि आत जाणाऱ्याने आधी बाल्कनीत उभं राहून साडी झटकायची. एवढं करूनही एका वर्षी काकांच्या मोदकात केस निघालाच. काका चष्मा विसरून आले होते. ‘केशर घातलंय वाटतं,’ म्हणाले आणि खाल्लं. आईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचे दोन मोदक स्वतःहून नाकारले.

झाडणाऱ्या मावशींचं वेगळंच. ‘ताई, कचरा झाडूत येतच नाही, पुढे पळतो,’ त्यांची तक्रार आणि ती खरी आहे. केरसुणी जवळ आली की केसांचं गुंडाळं वाऱ्यावर उडून दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसतं. शेवटी मावशींनीच तोड काढली: आधी ओलं फडकं, मग झाडू, मग पुन्हा फडकं. सतरंजीवरचे केस त्या ओल्या रबरी चपलेच्या तळव्याने ओढून काढतात, आणि अख्खी सतरंजी झाली की त्यातून निघालेला दोर मला दाखवतात. आधी दाखवतात, मग चहा मागतात.

केसांचं करायचं काय, यावर सगळ्यांची मतं आहेत. नणंदेने सुचवलं, कात आणि मफलर कर. हिमाचलात कुलूकडे सशाच्या लोकरीच्या शाली होतात हे तिने पाहिलेलं. पण ते अंगोरा ससे. त्यांचे केस वाढतच राहतात, साधारण तीन महिन्यांनी कातरावे लागतात, आणि लांब असल्यामुळे पीळ धरतात. तात्याचा केस इंचभराचा. कातायला गेलं तर नुसता हातातून सटकतो. मुलगी म्हणते चिमण्यांना ठेवू, आणि बाल्कनीच्या जाळीत पुंजका अडकवून ठेवते. चिमण्या येतात, ओढून नेतात. तात्याला कुठलंही औषध लावलेलं नसलं तरच तिला परवानगी. हे काही नवीन नाही म्हणा, सशाची मादी विणीच्या आधी आपल्याच पोटाचे केस उपटून पिल्लांना गादी करते, कारण तिची पिल्लं उघडी आणि डोळे मिटलेली जन्मतात. जगातलं सगळ्यात महाग अंथरूण असेल ते.

आमच्या घरात आता काळे कपडे उरलेले नाहीत. नवऱ्याचा लग्नातला सूट कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून लटकतोय आणि तो ऑफिसला राखाडी, बदामी, मातकट असेच शर्ट घालतो. यंदा सोफ्याचं कव्हर बदलायचं निघालं तेव्हा मी ठरवलं, तात्याच्या रंगाचंच घ्यायचं, म्हणजे रोज उठून झटकायला नको. नमुना म्हणून ताजा काढलेला पुंजका कागदात बांधून लक्ष्मी रोडला नेला. दुकानदाराने पाच-सहा ठाण उलगडून एकेकाशी तो ताडून बघितला, मग दोन बोटांत धरून गालाला लावला.

‘रंग मिळेल,’ म्हणाला, ‘पण हे कुठलं कापड आहे हो ताई? आमच्याकडे इतकं मऊ नाही येत.’