येस येस म्हणून फसले ती गोष्ट

माझी शाळा कळव्यातली, मराठी मीडियम. आमच्या बॅचला इंग्रजी पाचवीपासून असायचं, ते पहिलीपासून झालं 2000 साली, आणि नेमकी त्याच जूनमध्ये मी पाचवीत गेले आणि भाऊ पहिलीत. म्हणजे ए बी सी डी आम्ही दोघांनी एकाच वर्षी गिरवली. तो अजून चिडवतो त्यावरून.

वाचायला लिहायला मला कधीच अडचण नव्हती हां. मेल तर एकदम टापटीप. पण समोर माणूस आला की ततपप. ऐरोलीला नोकरी लागली, तिथे चार वर्षं मी मीटिंगमध्ये फक्त मान हलवली आणि निभावलं, मग टीममधली एक जण मॅटर्निटी लीव्हवर गेली आणि क्लायंट कॉल माझ्या गळ्यात पडला.

क्लायंट पोलंडचा. दुसऱ्याच कॉलला तो काहीतरी लांबलचक बोलला, मला अर्धंच कळलं आणि मी म्हटलं, येस येस. आपल्याकडे फोनवर हो हो म्हणजे ऐकतेय, पुढे बोला, एवढंच असतं ना. त्याच्या हिशोबाने मी कबूल झाले होते. शुक्रवारी मेल आला, ॲज अग्रीड, सोमवारपर्यंत सगळे स्टॉक रिपोर्ट नवीन फॉरमॅटमध्ये. शनिवार-रविवार बसून केले, मामेबहिणीचं केळवण बुडलं, मामी अजून ऐकवते. लीड एवढंच म्हणाली, अगं नाही कळलं तर नाही कळलं म्हणायचं. बोलायला सोपं आहे. मला वाटायचं परत विचारलं की ह्यांना कळेल हिला इंग्रजी येत नाही.

मग क्लास लावला, एका महिन्यात फाडफाड इंग्रजी वगैरे. तिथे टेन्सचे तक्ते, जे मला शाळेपासून पाठच होते. पैसे गेले. आरशासमोर बोला हा सल्ला पण खूप जणांनी दिला, तो माझ्या मते अगदीच बिनकामाचा, कारण आरसा कधी पार्डन म्हणत नाही आणि माझी फाटायची ती पार्डनलाच.

उपयोग झाला तो ऑफिसातल्या मैत्रिणीचा. दोघी ठाण्याला उतरायचो, ठरवलं की घरी जायच्या आधी तलावपाळीला एक फेरी आणि फेरी संपेपर्यंत फक्त इंग्रजी. पहिला आठवडा भयंकर, हाऊ वॉज युवर डे दोन मिनिटांत संपायचं आणि मग शांतता, आजूबाजूला भेळवाले आणि आम्ही दोघी मुक्या. मग तिने सासूबाईंचा विषय काढला आणि गाडी जी सुटली! तक्रार करायला माणसाला शब्द बरोबर सापडतात. मटारच्या उसळीत साखर घालतात ह्यावर ती पूर्ण अर्धी फेरी बोलली, शुगर इन पीज, कॅन यू इमॅजिन, आणि ग्रामरचं काय होतंय ह्याचा पत्ताच नाही.

एकदा मोबाईलवर रेकॉर्ड केलं आणि घरी ऐकलं. मी सारखी आय... आय... आय... करत अडकत होते. मग डोक्यात प्रकाश पडला. मराठीत क्रियापद शेवटी येतं, मी काल तो रिपोर्ट तुम्हाला, इथपर्यंत आरामात यायचं आणि पाठवला की राहिला ते मग सांगायचं. इंग्रजीत आय म्हटलं की लगेच क्रियापद लागतं, आणि मी डोक्यात मराठी वाक्य संपायची वाट बघत बसायचे. तेव्हापासून मी तुकडे पाडते. आय सेंट इट. यस्टरडे. द स्टॉक रिपोर्ट. ऐकायला फार भारी नाही वाटत पण अडकत नाही.

अजून एक वुईची गंमत. मराठीत आम्ही वेगळं आणि आपण वेगळं, इंग्रजीत दोन्हीला वुई. मी वुई विल चेक म्हणायचे तेव्हा आम्ही बघतो म्हणायचं असायचं, पण क्लायंटला वाटायचं आपण दोघं मिळून बघू, आणि तो लगेच मीटिंग टाकायचा. आता मी माय टीम विल चेक म्हणते.

आणि मी ज्याला घाबरत होते तो पोलंडवाला स्वतः काय बोलतो? सेंड मी फाइल, ओपन रिपोर्ट. त्यांच्या भाषेत पण ए, ॲन, द नाहीतच, आपल्यासारखं. तो बिनधास्त गाळतो आणि लाजत नाही.

गेल्या आठवड्यात तो म्हणाला व्हेअर हाउस. म्हटलं ह्याला आता कुठलं घर हवंय? सॉरी, आय डिडन्ट गेट दॅट, म्हटलं. तो परत तेच. परत विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो हसायला लागला आणि चॅटमध्ये टाइप केलं, वेअरहाउस. त्यांच्याकडे डब्ल्यू म्हणजे व्ही, आणि इकडे मी व्हेरी आणि वेस्ट दोन्ही एकाच व ने म्हणणारी. संध्याकाळी तलावपाळीवर मैत्रिणीला सांगितलं, मराठीत, कारण फेरी संपली होती.